लख्खमामा आणि चौसष्ट डाग

आमच्या डोळ्यांच्या दवाखान्यात फरशी पुसणाऱ्या माणसाला सगळे लख्खमामा म्हणत. "काय मामा, कसं काय?" असं कुणी विचारलं की मामा स्वतःच्या तब्येतीचं सांगायचेच नाहीत, फरशीचं सांगायचे. "लख्ख!" म्हणायचे आणि पुढे सरकायचे. पुढे म्हणजे मागे, कारण ते उलटं चालत पुसायचे. मी केसपेपरच्या खिडकीत बसायचो. बावीस वर्षांत मला मामांची पाठच जास्त दिसली असेल.

दवाखान्याची फरशी जुनी, करड्या-तपकिरी दगडाची. तिच्यात जागोजागी नखाएवढी वेटोळी, अर्धचंद्र, पंख्यासारखे आकार होते. ते डिझाइन आहे असं आम्ही धरून चाललो होतो. कुणाचं डिझाइन, हे विचारायची वेळच कधी आली नाही.

मग नवे स्वच्छता तपासनीस बदलून आले. कडक इस्त्री, हातात नियमांचं पुस्तक आणि खिशात अतिनील किरणांचा टॉर्च. ते थेट अंधारखोलीत शिरले. अंधारखोली म्हणजे जिथे खिडकी नसते, दाराला काळा पडदा असतो आणि डॉक्टर रुग्णाच्या डोळ्यात उजेड मारून बघतात ती खोली. मामा आणि मी मागोमाग गेलो. साहेबांनी पडदा ओढला, दिवा घालवला आणि टॉर्च लावला.

फरशी पेटल्यासारखी झाली. केशरी वेटोळी, पिवळे पंखे, भिंतीपासून भिंतीपर्यंत.

"हे काय आहे?" तपासनीसांनी विचारलं.

"फरशी," मामा म्हणाले.

"हे डाग आहेत."

"साहेब, नेहमीचा दिवा लावा आणि मग दाखवा कुठं डाग आहे ते."

"न दिसणारी घाण हीच खरी घाण असते," तपासनीस म्हणाले. त्यांनी खिशातून खडू काढला, एकेका डागाभोवती गोल काढला आणि आत आकडा घातला. त्रेसष्ट झाले.

मामांचा चेहरा खर्रकन उतरला. त्या दिवशी घरी गेल्यावर काय झालं, ते मामींनी मला नंतर सांगितलं. मामी घरीच शिवणकाम करायच्या. मशीनखाली पडलेले दोरे मामांनी एकेक करून वेचले, लादी पुसली, मग मशीन उचलून त्याखालची पुसली. "अहो, मशीन चालू होतं!" मामी म्हणाल्या. शिवत असलेल्या परकराची शिवण तिरकी गेली ती गेलीच.

दवाखान्यात पहिला संशय नर्सवर आला. डोळ्यात पिवळं औषध घालून निळ्या उजेडात तपासतात, तेच सांडत असणार, असं तपासनीसांचं म्हणणं. नर्सच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "माझ्या हातचा थेंब डोळ्यातच पडतो," ती म्हणाली. "आणि सांडलाच, तर तो असा गोगलगायीसारखा वेटोळं घालून बसत नाही." तिचं म्हणणं बरोबर निघणार होतं, पण तेव्हा कुणी मनावर घेतलं नाही.

मामा गुडघे टेकून बसले. सोडा, साबण, गरम पाणी, जुना टूथब्रश. मुकादमानं ॲसिड सुचवलं तर मामा त्याच्यावर धावूनच गेले. "दगड जळेल! तू तोंड धुतोस का ॲसिडनं?" चार दिवस त्यांनी जिवाचा आटापिटा केला. खडूचे गोल पहिल्या फटक्यात गेले. डाग गेले नाहीत. उलट कोपऱ्यातला जुन्या पॉलिशचा थर निघाला, आणि पुन्हा तपासणी झाली तेव्हा डाग भरले चौसष्ट.

"पुसून वाढले?" तपासनीसांनी विचारलं.

"वाढले," मामा म्हणाले. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी नोटीस आली. 'अतिनील किरणांत चमकणारे सदर डाग कधीपासून आहेत व ते वेळीच का काढले नाहीत, याचा लेखी खुलासा करावा.' मामांना चष्मा सापडेना, म्हणून मी ती खिडकीतूनच मोठ्यानं वाचून दाखवली. समोरच्या बाकावर एक वयस्कर बाई बसल्या होत्या. आदल्याच दिवशी मोतीबिंदू काढलेला, एका डोळ्यावर पट्टी. कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांनी मान वळवली.

"कुठल्या रंगाचे चमकतात म्हणालात?"

"केशरी," मामा म्हणाले. "मधे पिवळ्या रेघा."

बाई उठून खाली वाकायला लागल्या तशी नर्स तिकडून ओरडली, "वाकायचं नाही! टाका आहे!" मग बाई खुर्चीत ताठ बसल्या, नजर समोर, आणि मामा त्यांच्या पायाशी फरशीवर बसून बोटानं चाचपून सांगू लागले.

"हा गोल आहे. आत आत वळत गेलाय."

"वेढे किती?"

"साडेचार."

"शंख आहे. गोगलगायीच्या कुळातला. शेजारी?"

"पंखा. बारीक रेघांचा."

"शिंपला. हे डाग नाहीत हो, ही कवचं आहेत. दगड तयार होताना त्यात अडकली आणि दगडच झाली. जिवंतपणी त्यांच्यावर नक्षी होती. साध्या उजेडात ती आता दिसत नाही, पण त्या टॉर्चखाली अजून उमटते."

"कधीची असतील?"

"पाच-सहा कोटी वर्षं धरा."

मामांनी त्या शंखावरून पुन्हा एकदा बोट फिरवलं. मग म्हणाले, "म्हणजे मी लागायच्या आधीची."

"बरीच आधीची."

खुलासा मीच लिहून दिला. 'सदर डाग पाच ते सहा कोटी वर्षांपासून आहेत. अर्जदार बावीस वर्षांपूर्वी नोकरीस लागला. त्यापूर्वीच्या साफसफाईबद्दल त्यास माहिती नाही.' सोबत बाईंचं पत्र जोडलं.

कचेरीनं खुलासा परत पाठवला, कारण तो छापील नमुन्यात नव्हता. नमुन्यात रकाने होते. डाग करणाऱ्याचे नाव: गोगलगाय, शिंपले व इतर. हुद्दा: नाही. सध्याचा पत्ता: अंधारखोली, तळमजला. हे भरून पाठवलं आणि आम्हाला वाटलं, सुटलो.

आठवड्यानं हुकूम आला. रुग्णालयात मृत प्राण्यांचे अवशेष उघड्यावर आढळले आहेत, तरी ते जैविक कचरा समजून पिवळ्या पिशवीत भरावेत आणि आठ दिवसांत विल्हेवाट लावावी.

मोठ्या डॉक्टरांनी कपाळाला हात लावला, पण हुकूम तो हुकूम. गवंडी आला. हातात छिन्नी-हातोडा, काखेत पिवळ्या पिशव्यांची गुंडाळी. अंधारखोलीच्या दारात मामा उभे होते, हातात पोछा.

"फरशी ओली आहे," मामा म्हणाले.

गवंडी थांबला. तपासनीसांच्या पुस्तकातलाच नियम होता तो: ओल्या फरशीवर कोणीही पाऊल टाकू नये. पाटीसुद्धा त्यांनीच लावलेली. गवंडी तासाभरानं पुन्हा आला. फरशी ओलीच. दुसऱ्या दिवशीही ओली. मामा पुसत होते, वाळत आली की पुन्हा पुसत होते. स्वतः तपासनीस आले आणि आपल्याच पाटीपाशी बूट जुळवून उभे राहिले.

"मामा, हे कधी वाळणार?"

"हवा दमट आहे, साहेब."

"तुम्हीच ते काढायला चार दिवस घासत होतात ना?"

"घासलं की," मामा म्हणाले. पोछा थांबवून त्यांनी पहिल्यांदाच आवाज चढवला. "मला वाटलं घाण आहे. बावीस वर्षं यांच्यावरून हात फिरवतोय मी. माझ्या हातानं एक जागचं हललं नाही, ते आता छिन्नीनं फोडायचं? आणि पिशवीत? तेही कचऱ्याच्या?"

तपासनीस हातातल्या पुस्तकाकडे बघू लागले. माणूस वाईट नव्हता, पुस्तकाबाहेर पाऊल टाकायची भीती होती एवढंच. त्यांनी तिथेच उभ्या उभ्या पुस्तक चाळलं आणि एक कलम काढलं. प्राण्याच्या अवशेषांची विल्हेवाट लावण्यापूर्वी पशुवैद्याचा मृत्यूचा दाखला घ्यावा.

गुरांचे डॉक्टर आले तेव्हा आम्हाला हसू आवरेना, पण ते गंभीर होते. फरशी वाळवून देण्यात आली. ते गुडघ्यावर बसले, टॉर्चखाली चौसष्टच्या चौसष्ट बघितले, एका शंखावर स्टेथोस्कोपही टेकवला. मला वाटतं, ते सवयीनं झालं. मग लिहिलं: 'मृत्यू निश्चित. कारण नैसर्गिक. अवशेष मृत्यूनंतर आपोआप गाडले गेले असून अद्याप गाडलेल्या स्थितीतच आहेत.'

हे शेवटचं वाक्य मोठ्या डॉक्टरांनी दोनदा वाचलं. गाडलेलं ते उघड्यावर कसं? आणि उकरायचं तर वेगळी परवानगी लागते, तीही मृतांच्या नातेवाइकांच्या संमतीनं. कचेरीनं नातेवाईक शोधण्याचं एक पत्र पाठवलं. आम्ही ते दवाखान्याच्या बागेतल्या कुंडीवर चिकटवलं, तिथे पावसाळ्यात गोगलगायी येत. हरकत आली नाही, संमतीही आली नाही. फाइल बंद झाली.

मामांच्या सेवापुस्तकात 'समज दिली' असा शेरा मात्र शाईनं पडलेला होता, तो पुसता येईना. मोठे डॉक्टर फारच ओशाळले. मामा म्हणाले, "राहू द्या. इतकं काय त्यात."

मग एका दुपारी तपासनीसांनी आपणहून टॉर्च मामांच्या हातात दिला आणि स्वतः बाहेर चहाला गेले. मामांनी मामींना बोलावून घेतलं होतं. दोघं अंधारखोलीत गेली, पडदा ओढला. मी बाहेर रुग्ण थोपवून धरले. 

"अहो," आतून मामींचा आवाज आला, "ही नक्षी कुणासाठी काढली असेल यांनी? समुद्राच्या तळाशी बघणारं कोण होतं?"

"ठाऊक नाही गं," मामा म्हणाले. "बाईंना विचारायला पाहिजे."

मामी बाहेर आल्या त्या सरळ माझ्या खिडकीशी. कागद आणि पेन्सिल मागून घेतली, पुन्हा आत गेल्या आणि फरशीवर बसून साडेचार वेढ्यांची ती नक्षी टॉर्चच्या उजेडात उतरवून घेऊ लागल्या. एका गिऱ्हाइणीच्या पोलक्याच्या गळ्यावर बसेल असं त्यांचं म्हणणं होतं. मामा टॉर्च धरून उभे होते आणि हात जराही हलू देत नव्हते.