पाचव्या कडव्यातलं नाव

सोमवारी मी जुळवलेलं ख्रिस्ती गीतांचं पुस्तक छापायला जाणार होतं आणि एका गीताखाली अजून ‘कवी अज्ञात’ होतं. नांदेडच्या आमच्या चर्चमध्ये ते ढोलकी-टाळांवर गातात. छापील कडवी चार. जुने ख्रिस्ती कवी अभंगासारखं शेवटच्या कडव्यात आपलं नाव घालत, म्हणजे पाचवं कुठेतरी असणार. एका निवृत्त पाळकांना कवीचं नाव आठवत नव्हतं, पण त्याच्या सुनेचा पत्ता त्यांनी दिला. शनिवारी निघाले.

सकाळची लातूर एसटी पकडा, बायकांना अर्धं तिकीट. लोह्याच्या स्टँडबाहेर चुरमुऱ्यांचा सुशीला खाऊन घ्या. पुढे मला चहाशिवाय काही मिळालं नाही. अहमदपूरला उतरून जीप. कुठल्या दिशेची, ते लिहीत नाही.

घरात तिघं होती. कवीची म्हातारी सून, तिचा मुलगा आणि डाळ निवडत बसलेली नात. नातीला डॉक्टरकीला अनुसूचित जातीच्या राखीव जागेवर प्रवेश मिळाला होता. जात-पडताळणी व्हायची होती.

म्हातारीने ट्रंकेतून वही काढली. “सासरा मिशनच्या मळ्यात मोट हाकायचा. भरली मोट वर यायची तवा संथ, रिकामी खाली जायची तवा जलद. तशीच चाल हाय.” आमचा ढोलकीवाला मध्येच लय का वाढवतो, ते मला तिथे कळलं.

ती पाचवं कडवं गाऊ लागली. त्यात नाव आलं तसं मुलाने उठून दार लावलं.

“आई, गप बस.”

“का? देवाचं गाणं हाय.”

“देवाचं हाय, पण नाव कुणाचं हाय त्यात?” तो माझ्याकडे वळला. “मॅडम, आजोबा ख्रिस्ती होते. वडील परत हिंदू झाले. आम्ही हिंदूच. पण ते नाव छापलं अन् कुणी पडताळणीत पुढं केलं, की हिचा दाखला अडकला. ख्रिस्ती माणसाला तो दाखला न्हाई.”

“प्रवेश पक्का झाल्यावर छापलं तर?”

“दाखला कधीबी रद्द होतो. डॉक्टर झाल्यावर बी.” त्याची नजर माझ्या फोनवर गेली. “ते चालू हाय?”

रेकॉर्डिंग चालू होतं. त्याच्यासमोर पुसलं. पुसलेलं जिथे साठतं, तेही त्याने उघडायला लावलं.

नात म्हणाली, “आजी, डॉक्टर झाले की तुला माईक आणते.”

“तवर मी वर जाऊन त्याच्यापुढंच गाते की!”

म्हातारी चटईवर बोटांनी ताल मोजत बसली. मग कडवं पुन्हा म्हणाली. नावाच्या जागी आता ‘दास म्हणे’ होतं.

“बसतंय का?”

“बसतंय.”

“सासऱ्याला राग आला असता,” ती म्हणाली आणि वही मिटली.

पुस्तकात आता पाच कडवी आहेत. कवी अज्ञात. हा मजकूर टाकण्याआधी मुलाला फोनवर वाचून दाखवला. त्याने दोन वाक्यं काढायला लावली.

परवा रविवारी ते गायलो. ‘दास म्हणे’ मी मुद्दाम मोठ्याने म्हटलं. हळू म्हटलं की तोंडात नाव येतं.