तीन पाळ्यांचं कलापथक

किस्से मुद्दाम गोळा करावे लागत नाहीत. पथक चालू होतं तेव्हा आमच्याकडे एकही किस्सा नव्हता, नुसत्या भानगडी होत्या! माणसं एकेक करून गेली, आणि मागं उरलेल्या भानगडींना लोक किस्से म्हणायला लागले. आता कुठं लग्नाकार्याला गेलं की कुणीतरी म्हणतंच, "शोभाताई, तो भोंग्याचा किस्सा सांगा ना!" मी सांगते. लोक पोट धरून हसतात. मला हसू येत नाही, हे त्यांना सांगून काय उपयोग?

आम्ही चौघं होतो. किसन गायचा, गौतम ढोलकी वाजवायचा, रहमानभाई खुलताबादहून माईक आणि भोंगा घेऊन यायचे. मी कोरसला. शिवाय टायपिस्ट होते, म्हणून गाण्यांचं पत्रक काढायचं काम माझ्या गळ्यात. किसन आणि गौतम चिकलठाण्याला एका फाउंड्रीत, वाळूच्या साच्यांत लोखंड ओतायच्या कामाला, मी त्याच कंपनीच्या ऑफिसात.

विद्यापीठाचं नाव बदलायचा ठराव झाला आणि मराठवाड्यात वस्त्या पेटल्या, त्यात किसनचं घर गेलं. गाव त्याचं जालना रोड सोडून आत. आईला घेऊन तो शहरात आला, तो आलाच. त्याचं एकच म्हणणं असायचं, "ताई, नाव लागू द्या. मी माझ्या गावात जाऊन एक गाणं म्हणणार. पुरं. सातच्या सात कडवी." आम्ही वर्षानुवर्षं जे काही केलं, ती त्याच्या मनात त्या एका गाण्याची तालीम होती.

*

आमची सगळ्यात मोठी अडचण म्हणजे सरकार नव्हे, पोलीस नव्हेत. शिफ्ट!

किसन पहिल्या पाळीला असला की गौतम हटकून दुसरीला. दोघांची गाठ पडायची ती कंपनीच्या गेटवर, एक बाहेर येताना आणि एक आत जाताना. वॉचमन ओरडेपर्यंत दोन मिनिटं मिळायची. तेवढ्यात किसन नव्या गाण्याची चाल गुणगुणून दाखवायचा आणि गौतम मांडीवर ताल धरायचा. हीच आमची तालीम!

एकदा किसननं जळालेल्या घरांवर गाणं केलं. माझ्याबरोबर बसला तेव्हा त्यानं ते इतकं संथ म्हटलं की माझ्याच्यानं कोरस म्हणवेना. गौतमला मात्र ते गेटवर ऐकवलं. समोर बस सुटत होती, म्हणून किसननं अख्खं गाणं घाईघाईत उरकलं. गौतमला वाटलं, हीच चाल!

जयंतीचा कार्यक्रम. किसननं डोळे मिटून पहिली ओळ घेतली आणि गौतमची ढोलकी वरातीसारखी सुटली. किसन मागं ओढतोय, गौतम पुढं पळतोय, आणि समोर दोन पोरं उठून चक्क नाचायला लागली! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी त्यांना बसवायला खाली उतरले, तर पहिल्या रांगेत बसलेल्या किसनच्या आईनं माझा हात धरला.

"नाचू दे गं त्यायला," ती म्हणाली. "रडून झालंय आपलं."

*

पत्रकाला कागद कुठला आणायचा? कंपनीत खराब मालाचे रिपोर्ट टाइप व्हायचे, वर्षभरानं रद्दीत जायचे. त्यांच्या एका बाजूला कंपनीची रडगाणी असत, दुसरी बाजू कोरी. मी स्टेन्सिल कापायचे आणि ऑफिसच्या सायक्लोस्टाइल मशीनवर त्या कोऱ्या बाजूला आमची गाणी काढायचे. हात कोपरापर्यंत शाईनं काळे! ते गठ्ठे एसटीनं कुठं कुठं जायचे.

इतक्या वर्षांत पत्र आलं ते एकाच वाचकाचं. सिल्लोडकडच्या एका खेड्यातून, पोस्टकार्ड. आम्ही चौघंही ते वाचायला गेटवर जमलो.

"गाणी बरी आहेत," वाचकानं लिहिलं होतं. "पण मागल्या बाजूला तो मजकूर मधेच तुटला आहे. वाळू ओली राहिली, माल फुटका निघाला, कामगाराकडून खुलासा मागवला, इथपर्यंत वाचलं. त्या कामगाराचं पुढं काय झालं ते कळवावं."

तो रिपोर्ट मीच टाइप केला होता, आणि त्याच्या पुढचं पत्रही. मी उलट टपाली एकच शब्द कळवला, "काढलं."

आठ दिवसांत दुसरं कार्ड आलं. "वाटलंच होतं. गाणी नाही पाठवली तरी चालेल. मागली बाजू पाठवत जा."

*

एका वर्षी शहरात जमावबंदी लागली. आमच्या वस्तीतला एक म्हातारा मोर्चातून आला आणि दोन दिवसांनी वारला. त्याच्यासाठी चौकात एक गाणं म्हणायचं ठरलं. चौकीतून साहेब आले. माणूस वाईट नव्हता, नियमाचा पक्का होता.

"पाच माणसं जमली की गुन्हा," ते म्हणाले. "चार चालतील."

"आम्ही चारच आहोत साहेब," गौतम म्हणाला.

"मग म्हणा की!"

"आणि ऐकणारा?"

साहेबांनी बोटं मोजली. "ऐकणारा नको," म्हणाले आणि एका हवालदाराला तिथं उभं करून निघून गेले.

मग काय, आम्ही चौघं भर दुपारी रिकाम्या चौकात उभे! सगळ्या घरांची दारं बंद, फटींतून नुसते डोळे. ज्याच्यासाठी गायचं त्याची बायकोसुद्धा दाराच्या आत. किसननं गाणं म्हटलं, मीही म्हटलं. संपलं तेव्हा पाहिलं, तर हवालदार टोपी काढून डोळे पुसत होता. रहमानभाई घाबरले. "जमादार, आप पाचवे हो गये!"

त्यानं झटकन टोपी घातली. "मला मोजू नका," तो म्हणाला. "मी ड्युटीवर हाय!"

*

आता तो भोंग्याचा किस्सा.

खेड्यात कार्यक्रम होता. रहमानभाईंनी बांबू रोवला, भोंगा चढवला. तेवढ्यात गावातून तिघंचौघं आले. "तुमचा कार्यक्रम तुम्ही करा, आमचं काही म्हणणं नाय. पण भोंग्याचं तोंड गावाकडं नको."

रहमानभाईंनी भोंगा वस्तीकडं फिरवला. तर वस्तीतली माणसं धावत आली. "भाई, आमच्याकडंबी नको! तुम्ही गाऊन जाल निघून. उद्या रानात कामाला आम्हालाच जायचंय. आम्ही ऐकलं, असं त्यांना दिसाया नको."

मग शाळेकडं फिरवला. मास्तर आले, हात जोडून म्हणाले, "माझी बदली होईल हो!"

रहमानभाई भले, उरुसापासून जयंतीपर्यंत सगळीकडं भोंगे लावलेले. ते बांबूवर लटकूनच मला म्हणाले, "ताई, गाने से किसी का झगडा नहीं. सारा झगडा भोंगे के मुंह का है!"

शेवटी राहिली विहीर. तिचं काही म्हणणं नव्हतं. भोंगा विहिरीकडं तोंड करून बांधला आणि किसननं तीन तास, घसा फाडून, त्या विहिरीला नामांतराची गाणी ऐकवली. परत येताना टेम्पोत गौतम म्हणाला, "काही म्हणा, विहिरीला पटलं!"

लोक इथंच हसतात. पाणी भरायला आलेल्या बायका त्या दिवशी भोंग्यासमोर दिसायला नको म्हणून घागरी रिकाम्याच घेऊन परत गेल्या, हे मी सांगत नाही.

*

फाउंड्रीतली वाळू किसनच्या छातीत बसली. आधी खोकला, मग दम. सात कडव्यांचं गाणं पाचांवर आलं, पाचांचं तिनांवर. कंपनीच्या डॉक्टरनं तपासलं, छाती ठोकली, फोटो उजेडाला धरला. मी बरोबर होते.

"धुळीत काम करता ना? मग गाता कशाला? गाणं बंद करा!"

बाहेर आल्यावर किसन पायरीवर बसला. म्हणाला, "ताई, औषध बरोबर हाय. रोग चुकला."

त्यानं ना काम सोडलं, ना गाणं. काम सोडून खाणार काय? मग गौतमनं एक युक्ती केली. किसनचा दम संपत आला की तो ढोलकी पुढं काढायचा. दोन कडव्यांच्या मधे असा काही हात चालवायचा की किसनला पाठ फिरवून श्वास घेता यावा. जितका किसनला दम लागायचा, तितकी ढोलकी लांबायची. लोक बेभान व्हायचे. "वा गौतमराव!" शिट्ट्या!

एका मंडळानं तर गौतमला शाल दिली, उत्कृष्ट ढोलकीवादक म्हणून. गौतम ती शाल खांद्यावर घेऊन स्टेजच्या मागं गेला आणि ढसाढसा रडला. लोकांना वाटलं, सत्कारानं भरून आलं.

*

पुढं चळवळीतल्या पक्षाचे गट पडले. गटाचे उपगट पडले. एका जयंतीला एकाच चौकात, रस्त्याच्या दोन बाजूंना, समोरासमोर दोन मंडप! दोन्हीकडं एकच फोटो, एकच निळा झेंडा, आणि दोन्ही मंडपांच्या पत्रिकेत आमचंच पथक.

किसनचा शब्द एका बाजूला गेलेला, गौतमचा दुसऱ्या. मी मधे पडून पाहिलं. "अरे, अर्धा अर्धा वेळ दोन्हीकडं करू." दोन्हीकडचे पुढारी म्हणाले, "त्यांच्या स्टेजवर पाय ठेवला तर आमच्याकडं यायचं नाय."

झालं! इकडं किसन ढोलकीशिवाय गातोय, तिकडं गौतम गाण्याशिवाय वाजवतोय. आणि खरं सांगते, गौतमनं हात किसनच्याच गाण्याला धरला होता. किसनचा दम संपला की पलीकडून ढोलकी बरोब्बर पुढं यायची. मी रस्त्याच्या मधोमध उभी होते, आणि तिथं अख्खं गाणं ऐकू येत होतं. रस्त्यावर माझ्याशिवाय कुणीच नव्हतं.

त्या दिवसानंतर ते दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. गेटवरसुद्धा नाही. मी खूप प्रयत्न केले. हा राग मला अजून गिळता आलेला नाही.

*

आणि मग एकदाचं विद्यापीठाला नाव लागलं. पुरतं बदललं नाही, जुन्याला जोडलं. तरी लोक गुलालात न्हाले, गेटवर डोकं टेकवून आले. तोवर रहमानभाई वारले होते. गौतम त्याच्या गटात होता. किसनला जिना चढताना दोनदा बसावं लागायचं.

तो माझ्याकडं आला आणि म्हणाला, "ताई, चला."

"किसन, तब्येत बघ तुझी."

"म्हणूनच चला म्हणतोय."

एसटीनं फाट्यावर उतरलो, पुढं चालत. तो दहा पावलं चालायचा आणि थांबायचा. ओढ्याच्या अलीकडं वस्ती, पलीकडं गाव. वस्ती म्हणजे उरलेली पाचसहा घरं. सगळ्यांना कुलपं. कोण कंपन्यांत, कोण ऊसतोडीला. एक माणूस नाही, एक कुत्रं नाही. किसनच्या घराचं नुसतं जोतं उरलेलं, त्यात बाभळी.

"किसन, कुणीच नाहीये रे."

"असू द्या."

तो जोत्यावर चढला. अंगातला सदरा नीट केला आणि समोर हजार माणसं असावीत तसा वाकून नमस्कार केला. पहिलं कडवं उभ्यानं म्हटलं. दुसरंही. तिसऱ्याला खाली बसला. मी कोरस धरत होते आणि मनात म्हणत होते, बास कर रे बाबा, बास कर.

ओढ्याच्या पलीकडं लिंबाखाली एक म्हातारा मेंढ्या घेऊन बसला होता. चौथ्या कडव्याआधी किसन दम घ्यायला थांबला तेव्हा मी विचारलं, "कोण आहे तो?"

"धुळाप्पा. आमच्या बांधाला बांध त्याचा. घरं पेटली तेव्हा तो तिथंच होता."

"काय करत होता?"

"उभा होता."

किसननं चौथं कडवं म्हटलं. पाचव्याला आवाज निघेना. ओठ हलत होते, शब्द मला शेजारी बसूनही लागत नव्हते. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. तो थांबेना.

तेवढ्यात म्हातारा उठला. काठी टेकत टेकत ओढ्याच्या काठाशी आला. पाण्यात पाय घातला नाही. काठावरच थांबला, कानाला हात लावला आणि ओरडला,

"आरं किसना, मोठ्यानं म्हण की! इकडं ऐकू येत नाय!"