मामांचा टीव्ही आणि धाकट्यांचा बोर्ड

आमच्या धुळ्याच्या मामासासऱ्यांनी आयुष्यात विश्वास ठेवला तो फक्त स्वतःच्या संशयावर. शिंप्याकडे कापड टाकताना त्याची एक चिंधी कापून ते खिशात ठेवणार, आणि शर्ट शिवून आला की आधी चिंधी जुळवणार, मग बाह्या बघणार. गिरणीत दळण ठेवून घरी येणं म्हणजे त्यांच्या मते गहू देऊन भलतंच काही आणणं, म्हणून पिठाने भुरे होईपर्यंत ते तिथेच उभे. माझ्या लग्नात त्यांनी मला इतकं निरखलं होतं, की पसंत केलेला मुलगा बदलून मला उभं केलंय की काय, अशी शंका माझी मलाच यायला लागली.

या संशयाचा सर्वांत मोठा वाटा त्यांच्या प्लाझ्मा टीव्हीच्या नशिबी आला. नरडाण्याला राहणाऱ्या धाकट्या भावाशी वाटणी झाली, तेव्हा दुसऱ्याने मोठा घेऊ नये म्हणून दोघांनी एकाच दुकानातून, एकाच मापाचे, अगदी सारखे टीव्ही उचलले आणि मग एकमेकांशी बोलणं टाकलं. पुढे बऱ्याच वर्षांनी मामांचा टीव्ही बिघडला. आवाज यायचा, चित्र नाही. कारागिराने मागचं झाकण काढताच मामींची लाल नेलपॉलिश घेऊन मामांनी प्रत्येक बोर्डावर ठिपका दिला, म्हणजे अदलाबदल नको.

कारागीर शांत माणूस. त्याने समजावलं, की डिशकडून आलेला सिग्नल मेन बोर्ड उलगडतो, कुठल्या ठिपक्याने केव्हा पेटायचं ते लॉजिक बोर्ड ठरवतो, आणि पुढचे बोर्ड काचेतल्या गॅसला विजेचे झटके देतात, तेव्हा चित्र उमटतं.

"इतला जणसना हातमाईन जास, आन् मझार कोणी काहीच काढी लेत नही?" मामांनी विचारलं.

"नाही हो, नाना. मधे कोणी काही काढून घेत नाही."

मामांनी नेलपॉलिशचं झाकण घट्ट लावलं. मग वाटणीच्या वेळी भावाने पाठवलेला निरोप आठवून हळूच म्हणाले, "मन्हा भाऊना निरोप एकच जणना हातमाईन उना व्हता. तरी बदली गया."

झटके देणारा बोर्ड जळाला होता आणि नवा कुठे मिळत नव्हता. तसाच दुसरा टीव्ही असेल तरच काम होणार होतं. तसा टीव्ही कुठे आहे हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, पण नाव कोणी घेईना. शेवटी जावई म्हणून मलाच नरडाण्याला पिटाळलं. धाकट्यांचाही टीव्ही मेन बोर्ड जाऊन बंदच पडला होता. ते म्हणाले, "लई जा. पण बोर्ड मन्हा शे. दर रविवारले ईसन देखसू." तो धुळ्याला आणून कारागिराने झाकण उघडलं, तर आत प्रत्येक बोर्डावर आधीच हिरवा ठिपका! भाऊच ते.

तो बोर्ड मामांच्या टीव्हीत बसला, चित्र आलं, आणि तेव्हापासून धाकटे दर रविवारी एसटीने येत. आधी झाकण काढायला लावून हिरवा ठिपका बघत, मग चहा घेत. "मन्हावर नजर ठेवाले येस," मामा माझ्या कानात कुजबुजत. पण भावाच्या भाकरीसाठी बाजरी दळायला शनिवारी स्वतः गिरणीत उभे राहत.

गेल्या महिन्यात काचच गेली. आता कुठलाच बोर्ड उपयोगाचा नाही, असं कारागिराने सांगितलं. मामा त्याच्याशी भांडतील असं मला वाटलं होतं. ते नुसते म्हणाले, "नरडाणाले सांगू नका." शनिवारी भावाचा फोन आला. जन्मभर दुसऱ्याचं खोटं पकडणारा हा माणूस फोनवर बिनदिक्कत म्हणाला, "टीव्ही? मस्त चालू शे. ये."

रविवारी धाकटे आले, बसले. समोर काळी काच. डोक्यावर पंखा गरगरत होता. धाकट्यांनी टीव्हीकडे पाहिलं, पंख्याकडे पाहिलं, मग भावाकडे.

"लाईट गयी वाटस, नाना," ते म्हणाले.

"हा. येई जाई."

झाकण काढायला त्यांनी सांगितलं नाही. दोघे बसून राहिले. उठताना धाकटे म्हणाले, "बोर्ड पुढला रविवारले देखसू."