पक्के केलेले सांधे

भाऊबिजेला मामा आला तो पुठ्ठ्याचा एक खोका घेऊन. मामा जहाजावर नोकरीला होता आणि दोन-अडीच वर्षांतून एकदा उगवायचा. मी कितवीत आहे हे तर सोडाच, मी मुलगी आहे हेही त्याच्या नीट लक्षात राहत नसावं. कारण खोक्यातून निघाला तो वीतभर उंचीचा पिवळा-करडा यांत्रिक माणूस.

"एवढ्या घोडीला फ्रॉक आणायचा सोडून हे काय आणलंस?" आई म्हणाली.

मामानं त्या माणसाचे पाय मुडपले, कंबर फिरवली, हात पाठीमागे सारले, आणि आमच्या ओट्यावर एक डंपर उभा राहिला. चाकं फिरणारा, मागचा हौदा वर होणारा. आईच्या हातातलं निरांजनाचं ताट तसंच राहिलं. मामा म्हणाला, जपानमध्ये अशांची दुकानंच्या दुकानं भरलेली असतात, माणसाची गाडी नि गाडीचा माणूस. मग त्यानं मला खोक्यातला कागद दिला. त्यावर जपानी अक्षरं होती, पण चित्रं आणि बाण होते, आणि बाण कुठल्याही भाषेत कळतात. दोन दिवसांत मी डोळे मिटून डंपर करायला लागले.

कोल्हारला येऊन तेव्हा आम्हाला पाच महिने झाले होते. वडील पाटबंधारे खात्यात होते. त्याआधीची चार वर्षं आम्ही भंडारदऱ्याला धरणाच्या कॉलनीत काढली होती, आणि तिथं माझ्या वयाचं म्हणावं असं कुणीच नव्हतं. पावसाळ्याचे चार महिने तर ढगाशिवाय दुसरं काही दारात येत नसे. त्यामुळे पोरांमध्ये मिसळायचं कसं हे मला मुळात येतच नव्हतं. कोल्हारच्या शाळेत पहिल्याच आठवड्यात मी बाईंना "मला हे समजलं नाही" असं म्हणाले, तर अख्खा वर्ग "समजलं न्हाईऽऽ" करत हसला. पुढचे पाच महिने मी फारसं बोललेच नाही. मधल्या सुट्टीत डबा घेऊन शाळेमागच्या बाभळीखाली बसायची आणि कुणी बघतंय असं वाटलं की पुस्तक उघडायची.

एकच मुलगी माझ्याकडे यायची. आमच्या क्वार्टरच्या पलीकडे, नगर-मनमाड रस्त्याच्या कडेला तिच्या वडिलांचं वेल्डिंगचं शेड होतं. ती आमच्या नळावर कळशी भरायला यायची. कळशी भरेपर्यंत ओट्यावर टेकायची, मग कळशी भरून वाहायला लागली तरी टेकलेली असायची. तिनंच मला सागरगोटे खेळायला शिकवलं. मला पाचाचा डाव जमेना तेव्हा ती हसली नाही, नुसतं म्हणाली, "मनगट सैल सोड की. तू लई आवळून धरती." माझ्या बोलण्याची तिनं कधी नक्कल केली नाही. आज मी प्रामाणिकपणे सांगते, तेव्हा मला तिची किंमत नव्हती. मला तो हसणारा अख्खा वर्ग हवा होता.

आणि तो आला. दिवाळीच्या सुट्टीत डंपरची बातमी गावभर झाली आणि दुपारी चारला आमच्या ओट्यावर पोरांची रांग लागायला लागली. मी एकदम साहेब झाले. चपला खाली काढायच्या, हात मागे बांधायचे, कुणी हात लावायचा नाही. दिवसातून तीनदाच करून दाखवणार. माणसाचा डंपर होताना मी पाठ थोडी वळवायची, कारण त्यात एक मेख होती. हात फिरवण्याआधी माणसाच्या पाठीवरचा एक बारीक खटका दाबावा लागे, तरच खांदे मोकळे होत. तो मी अंगठ्यानं हळूच दाबायची. मामानं दिलेला कागद मी ट्रंकेत तळाच्या वर्तमानपत्राखाली दडवला होता. पोरं "आयला!" म्हणायची आणि माझ्या पोटात गोड काहीतरी सांडायचं. शाळा सुरू झाल्यावर मधल्या सुट्टीत माझ्याभोवती घोळका असायचा. बाभळीकडे मी ढुंकूनही बघितलं नाही.

ती रांगेत उभी राहत नसे. ती आपली नळावर कळशी लावून लांबून बघायची. एक दिवस सगळे गेल्यावर म्हणाली, "मला शिकव ना. एकदाच करून बघते."

तिचे हात तिच्या वडिलांसारखे होते, एकदा बघितलेलं कधी विसरायचे नाहीत. ती शिकली तर उद्या सगळ्यांना शिकवेल. मग पोरं माझ्याकडे कशाला येतील? नाही म्हणायची सोय नव्हती, कारण सागरगोट्यांच्या वेळी तिनं काही हातचं राखलं नव्हतं. म्हणून मी शिकवलं. पाय कसे मुडपायचे, कंबर कशी फिरवायची, सगळं बयाजवार सांगितलं. खटका तेवढा सांगितला नाही. मला वाटलं, जमणार नाही, कंटाळून ठेवून देईल.

तिनं पाय मुडपले. कंबर फिरवली. हात फिरेना. तिनं माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, "जरा जोर लाव."

'कट्' असा आवाज झाला आणि उजवा हात खांद्यापासून निघून तिच्या मुठीत आला.

आई बाहेर आली. आईनं विचारलं, "कुणी मोडलं?" मी काही बोलले नाही. बोलायची गरजही नव्हती, हात तिच्याच मुठीत होता. आई आरडाओरडा करणाऱ्यातली नव्हती. "राहू दे गं, होतं असं" एवढंच म्हणाली. पण तेवढ्यात रस्त्यापलीकडून तिचे वडील आले. ऊसतोडीचे दिवस, शेडपुढे मोडक्या ट्रॉल्यांची रांग लागलेली, आणि पोरगी कळशी घेऊन गेली ती आलीच नाही म्हणून ते शोधत आले होते. त्यांनी तिच्या हातातला तो हात बघितला आणि सगळ्यांसमोर तिच्या गालावर एक ठेवून दिली.

"परदेशातली वस्तू! दुसऱ्याच्या चिजेला हात लावायचा कशापायी?"

ती रडली नाही. मी नळाकडे बघत राहिले.

"वैनी, काळजी करू नका," ते आईला म्हणाले, "ट्रॉल्या जोडतो मी, ह्ये तर काय खेळणं. न्येतो अन् करून देतो."

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ते खेळणं घेऊन स्वतः आले. अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून आले होते. फडक्यात गुंडाळलेला तो माणूस त्यांनी ओट्यावर उभा केला. मोडलेल्या खांद्यात त्यांनी बारीक भोक पाडून लोखंडी पिन ठोकली होती, वरून लुकण भरून घासून गुळगुळीत केलं होतं आणि गेटला लावतात त्या चंदेरी रंगाचा अंगभर हात मारला होता. जोड कुठे आहे ते शोधूनही सापडत नव्हतं.

"आन् एक सांगू का, साहेब," ते वडिलांना म्हणाले, "मालच ढिला हुता. दुसरा खांदा हलत हुता, कंबर हलत हुती, गुडघं तर लईच. आसंच ठिवलं तर आज ह्ये मोडंल, उद्या त्ये. म्हनून मी सगळंच सांधं पक्कं करून टाकलं. आता हत्तीनं पाय दिला तरी हलायचा न्हाई."

आयुष्यभर ज्यानं ढिलं झालेलं ते घट्ट केलं, त्या माणसाला हलण्यासाठीच केलेला सांधा कसा कळावा? वडिलांना ते लगेच उमगलं, मला दिसलं. पण ते म्हणाले, "फार सुरेख काम केलंत." आईनं चहा टाकला. मीही म्हणाले, "छान झालंय काका." ती त्यांच्या मागे उभी होती. त्यांनी तिला पुढे ढकललं, "चुकलं म्हन." तिनं माझ्याकडे सरळ बघितलं आणि म्हणाली, "चुकलं."

पोरं आणखी दोन दिवस आली. "डंपर कर ना," म्हणाली. "होत नाही आता," मी म्हणाले. तिसऱ्या दिवशी दोघंच आले. चौथ्या दिवशी ओट्यावर मी आणि तो चंदेरी माणूस, दोघंच ताठ बसून होतो. मधल्या सुट्टीत मी पुन्हा बाभळीखाली गेले. पण आता ते पूर्वीसारखं सोसवेना. पूर्वी मला माहीत नव्हतं की भोवती घोळका असला म्हणजे कसं वाटतं, आणि पूर्वी निदान नळावर कळशी तरी यायची. ती आता वाण्याच्या गल्लीतल्या हापशावर पाण्याला जात होती. तो हापसा तिला आमच्या नळापेक्षा चौपट लांब पडायचा.

आठ-दहा दिवस मी कसेबसे काढले. मग एका रविवारी भर दुपारी मी रस्ता ओलांडून शेडमध्ये गेले. तिचे वडील जेवायला गेले होते, ती राखण करत बसली होती. मांडीवर वही होती. मी पाठ केलेलं वाक्य एका दमात म्हणून टाकलं, "मी तुला मुद्दाम अर्धंच शिकवलं होतं. पाठीवर एक खटका आहे."

"ठावं हाय," ती म्हणाली. "दादांनी हितं आणून ठिवला तवाच मी त्यो दाबला. दुसरा खांदा लगीच सुटला."

म्हणजे तिचे वडील ते सांधे पक्के करत होते तेव्हा ती इथेच बसून बघत होती. "मग त्यांना सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं आसतं तर दादा तुज्या घरी आले आसते. मंग तुला मार बसला आसता." तिनं वहीचं पान उलटलं. "मला बसला त्यो बसलाच हुता."

मला रडू फुटलं. तिनं उठून मला माठातलं पाणी दिलं, पुसायला फडकं दिलं. अगदी नीट वागली, पाहुण्याशी वागावं तशी. मी म्हणाले, खेळायला येशील का? ती म्हणाली, "बघू. काम आस्तं." मी विचारलं, तू माझ्याशी कट्टी घेतलीस का?

तिनं खरंच थोडा विचार केला आणि म्हणाली, "न्हाई."

मी घरी आले आणि आईनं वाढलेल्या ताटावर बसून राहिले. कट्टी असती तर बट्टी तरी करता आली असती.