मेलेल्या पोराची चड्डी

माझा राग जुना आहे आणि मी तो नीट जपून ठेवलाय. तो अरबांवर नाही, हे आधीच सांगते, कारण आखातातल्या आठवणी म्हटलं की लोकांना तेच ऐकायचं असतं.

लग्नानंतर चौऱ्याण्णव साली शारजाला गेले तेव्हा माझ्या बॅगेत एक जाडजूड पुस्तक होतं. एका जुन्या फ्रेंच चित्रकाराचं चरित्र आणि पॅरिसच्या म्युझियममध्ये असलेली त्याची चित्रं. आर्ट कॉलेजात असताना स्कॉलरशिपमधून घेतलेलं. घोड्यांचं वेड असलेला हा माणूस तिशी ओलांडली नाही तोच गेला. त्याच्या काळात एक जहाज बुडालं होतं. वशिल्याने नेमलेल्या कप्तानाने ते वाळूत रुतवलं, साहेबलोक होड्यांत बसले, उरलेल्यांना एका तराफ्यावर घातलं आणि तराफ्याचा दोर कापून टाकला. ते या माणसाच्या डोक्यात बसलं. घराबाहेर पडायचा मोह नको म्हणून त्याने डोकं भादरून घेतलं, वाचलेल्यांना गाठून खोदून खोदून विचारलं आणि भिंतीएवढं चित्र काढलं. तो होता तोवर ते कुणी विकत घेतलं नाही. चित्रात डाव्या कोपऱ्यात एक म्हातारा मेलेल्या पोराला मांडीवर घेऊन बसलाय. पोर नागडं आहे.

विमानतळावर कस्टमच्या माणसाने बॅग उघडली आणि पुस्तक चाळता चाळता नेमका त्याच पानावर थांबला. आता पुस्तक जप्त होणार, असं मला वाटलं. त्याने पोराकडे दाखवून विचारलं, "डेड?" मी मान हलवली. "मिस्कीन," तो म्हणाला. मिस्कीन म्हणजे बिचारा. पुस्तक मिटून त्याने दोन्ही हातांनी मला परत दिलं.

माझ्या व्हिसावर हाऊसवाइफ असा शिक्का होता, नोकरी करायला बंदी. सगळं शिक्षण कपाटात. मुलगी दोनेक वर्षांची झाली तेव्हा मी बिल्डिंगमधल्या मुलांना गुरुवारी दुपारी फुकट चित्रकला शिकवायला लागले. हॉलमध्ये वर्तमानपत्रं पसरून दहा-बारा पोरं बसायची. त्या तासापुरती मी मला ओळखू यायची. एकदा त्यांना तराफ्याचं चित्र दाखवलं. मग सगळ्यांनी समुद्र काढला, आणि इतका भयाण समुद्र मी नंतर कुणाच्या कागदावर पाहिला नाही.

संध्याकाळी खालच्या मजल्यावरच्या वहिनी वर आल्या. मूळच्या डोंबिवलीच्या. "काय हो, असली नागडी चित्रं मुलांना? कुणी कम्प्लेंट केली तर? व्हिसा कॅन्सल, खलास! परक्या देशात राहतोय आपण." नवरा सोफ्यावर बसून ऐकत होता.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. मी मुलीला घेऊन मासळीबाजारात गेले होते. परत आले तर नवरा टेबलाशी बसलेला. दुबईत अल क्वोजला ॲल्युमिनियमच्या कंपनीत तो ड्रॉइंगं करायचा. ऑफिसातला काळा मार्कर आणि सेट स्क्वेअर घेऊन त्याने त्या मेलेल्या पोराला चड्डी घातली होती. रेघा अगदी सरळ. मागच्या पानांवरच्या अभ्यासाच्या रेखाटनांतल्या माणसांनाही घातल्या होत्या. एकही उघडा राहिला नव्हता. सुरमईची पिशवी माझ्या हातातच राहिली.

"अगं, रिस्क कशाला घ्यायची? आणि क्लासचं मी सगळ्यांना सांगून आलोय, बंद म्हणून."

"मला न विचारता?"

"तुझ्यासाठीच केलं ना!"

"त्या कप्तानाने निदान स्वतःचा जीव वाचवायला दोर कापला. तू कशासाठी कापलास?"

तो म्हणाला, मासे फ्रिजमध्ये ठेव, वास येतोय.

तक्रार कुणीही केली नाही. कुणी येऊन काही विचारलं नाही. सहा वर्षं गेली आणि मी पेन्सिल हातात धरली नाही. मुलगी ते पुस्तक चाळत मोठी झाली.

मग एका सुट्टीत टूरबरोबर पॅरिसला गेलो. ते चित्र समोर आलं तेव्हा मला रडू फुटलं. केवढं होतं ते! त्या पोराचा पाय माझ्या पायापेक्षा मोठा होता. मुलगी कोपऱ्याकडे बघत मोठ्याने म्हणाली, "आई, व्हेअर इज हिज चड्डी?"

नवरा हसला. मला हसू आलं नाही.

"ती तुझ्या बाबांनी घातली होती," मी म्हटलं.

"व्हाय, बाबा?"

"अगं, लोकांनी कम्प्लेंट केली असती."

"विच पीपल?"

तिने हॉलभर नजर फिरवली. देशोदेशीची माणसं मान वर करून उभी होती, एक अरब कुटुंबसुद्धा, लेकराबाळांसकट. नवऱ्याने घड्याळ पाहिलं. "चला, यल्ला, बस निघेल."

"निघू दे," मी म्हटलं. समोरच्या बाकावर बसले, टूरच्या वेळापत्रकाचा कागद उलटा केला आणि मुलीकडून पेन्सिल मागून घेतली. राग होताच. मुलगी शेजारी येऊन बसली. मी त्या पोराला काढायला घेतलं, जसं होतं तसं. नवरा मागे उभा राहिला आणि बस गेली.