पाऊण तासाची अँटेना

चहाचा कप खाली ठेवा आधी, नाहीतर सांडाल. माझ्या बाकीच्या फजित्या तुम्हाला पाठ आहेत, पण ही मी आजवर लपवून ठेवली होती. परवा लग्नात बायकोने चारचौघांत फोडलीच, तेव्हा म्हटलं, निदान आपल्या तोंडून तरी नीट सांगावी!

तर त्या दिवशी माझी मेहुणी वैशाली कबड्डीची फायनल खेळणार होती. तीही टीव्हीवर! गावात लाइट नव्हती म्हणून सासरे सकाळीच पडघ्याहून आमच्याकडे भिवंडीला येऊन बसले. मी त्यांना मामा म्हणतो. लग्न ठरलं तेव्हा त्यांनी बायकोला विचारलं होतं म्हणे, "पोरगा बरा हाय, पन सारका आभालात काय बगतो?"

आणि नेमका दुपारी गल्लीतून कापडाचे तागे भरलेला टेम्पो गेला, तो आमची केबल तोडूनच! टीव्ही काळा ठिक्कर.

मामा नुसते त्या काळ्या काचेकडे बघत बसले. धाकट्या लेकीला मैदानात खेळताना त्यांनी एकदाही पाहिलं नव्हतं, शेतीच्या रगाड्यात जमलंच नव्हतं. खरं सांगतो, त्यांचा चेहरा बघून मी उठलोच.

"मामा, मी अँटेना बनवतो!"

"तुमी?"

हा 'तुमी' असा काही जिव्हारी लागला म्हणता! गॅलरीतली कपडे वाळत घालायची तार काढली, तिचे तुकडे केले, जाळी काढायच्या झाडूच्या बांबूला आडवे बांधले. मागे पोळ्यांची परात. तुटलेल्या केबलचा लांब तुकडा जोडला.

"अहो, माझी परात! अहो, धुणं भिजलंय, तार कुठे नेताय?" बायको ओरडली.

"विज्ञानासाठी थोडा त्याग कर!"

केबलचं एक टोक टीव्हीत खुपसलं आणि दुसरं घेऊन गच्चीवर गेलो. आमच्या खालीच कापड विणणाऱ्या लूमचा कारखाना. ती खटाखट अशी, की एकट्यादुकट्याची हाक वर पोचायचीच नाही. मी मुंबईकडे तोंड करून बांबू धरला. जरा डावीकडे फिरवला, जरा उजवीकडे. आणि काय सांगू, खालून सगळ्यांचा एकदम गलका!

"आलं! आलं! चित्र आलं!"

मी होतो तसाच थांबलो. श्वाससुद्धा बेताने घेऊ लागलो. जरा हललो आणि चित्र गेलं तर?

काय ते सुख! कारखान्याच्या खिडक्यांतून कापसाचे बारीक तंतू वर तरंगत येत होते, उन्हात चमकत होते. मला वाटलं, ह्याच त्या लहरी. ह्यांच्यातून वैशाली येतेय, हळूच परातीवर टेकतेय आणि माझ्या हातांतून खाली मामांसमोर उतरतेय. खटाखट आता अंगाईसारखी वाटायला लागली होती. अख्खं आभाळ मी एका बांबूवर धरलं होतं हो!

थोड्या वेळाने पाठीमागे केबलची वायर जड झाली. खाली ओढ लागली. सिग्नलला वजन असतं हे शाळेत कुणी सांगितलं नव्हतं! मी आणखी घट्ट धरलं. मध्येच ती थरथरायची. म्हटलं, वैशाली चढाईला गेली वाटतं. हात बधिर झाले, खांदे गेले, पण सोडतो कोण?

पाऊण तासाने खालून सगळ्यांची आरोळी आली, "जिंकलीऽऽ!" आनंदाच्या भरात मी दोन्ही हात वर केले.

आणि बांबू सुटला. परात दाणकन आपटली. बायकोची किंकाळी मात्र त्या खटाखटीतूनही वर आली.

"चित्र गेलं!" मी धडधडत जिना उतरलो. बघतो तर टीव्हीवर स्वच्छ चित्र! मैत्रिणींच्या खांद्यावर बसलेली वैशाली, हातात कप. मामा बाहीने डोळे पुसत होते. खालच्या लूमवर काम करणारा रईसभाई मोबाइल घेऊन टीव्हीपाशी बसलेला.

"भाईजान, कहाँ थे आप? मैंने मोबाइल से टीवी पे लगा दिया ना! क्या मैच था!"

"कधी लावलं?"

"सुरुवातीलाच," बायको म्हणाली. "तुमच्या अँटेनावर मुंगीसुद्धा दिसली नाही. दोनदा हाका मारल्या तुम्हाला. म्हटलं, बसले असतील वर तंद्री लावून."

"मग ती वायर?"

"टीव्हीतून काढली आणि गॅलरीच्या खांबाला बांधली. धुणं कशावर घालू? तार तुम्ही नेलीत ना!"

मी गॅलरीतून खाली वाकून पाहिलं. गल्लीत आमची चादर, माझी पॅन्ट आणि मामांचा टॉवेल, सगळं चिमट्यांसकट लोळत होतं. अख्ख्या घराने फायनल पाहिली, आणि मी तेवढा वेळ धुणं धरून उभा!

मामा उठले. जवळ आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी कौतुक ऐकायला पुढे झुकलो.

"जावईबापू," ते मायेने म्हणाले, "वर जावा, आनि अजून जरा धरा. टावेल वलाच हाय, नि मना घरा जायाचं हाय."