घंटा घरी, मी धुक्यात

मंडळी, वाचनालयाच्या फळ्यावर हे मुद्दाम लिहितोय.

आज सकाळी कार्ल्याहून लोणावळ्याला कामावर निघालो होतो. दाट धुकं. बैलांच्या घुंगरांवरून पुढची बैलगाडी ओळखली आणि बाजूनं सायकल काढली. तेवढ्यात मागून लष्करी लॉरी आली, तिला वाट द्यायला गाडीवानानं बैल माझ्याच अंगावर वळवले. मी सायकलसकट चरात पडलो. लॉरी बैलगाडीपासून हातभर अंतरावरून गेली.

"दिसत नाही का?" मी ओरडलो.

म्हातारे गाडीवान खाली उतरले. "धुक्यात कुनाला दिसतंय? बैलाला बी माळ हाय. तुमची घंटा कुटंय?"

युद्धामुळं नवी मिळत नाही, चोरीला जाईल म्हणून मीच ती घरी काढून ठेवलेली!

त्या गाडीवान आबांनी बैलाच्या माळेतलं एक घुंगरू सोडून माझ्या हँडलला बांधलं.

कचेरीत सगळे हसले. खुशाल हसा. पण तुमची घंटा कुठंय?